'कॅमेऱ्याला पाणी लावायला सांगणारे काका' : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

उसाचा रस सांडलेला कॅमेरा कसा साफ करावा, या माझ्या लेखाखाली 'फोकसकर' या टोपणनावाने एक प्रतिक्रिया आली आहे. उत्तर तिथेच लिहायला घेतलं होतं, पण ते लांबत गेलं, म्हणून इथे वेगळं टाकतो आहे.

मूळ लेख ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मे महिन्यात माझी भाची खडकवासल्याहून परत येताना रस प्यायला थांबली आणि बाकावर ठेवलेल्या कॅनन ७००डीवर भरलेला ग्लास लवंडला. रस वरच्या बाजूने, मोड डायल आणि शटरच्या बटणावरून ओघळला. तो कॅमेरा मी कसा साफ केला ते लिहिलं होतं. आधी बॅटरी आणि कार्ड बाहेर. लेन्स काढून तिच्या जागी बॉडी कॅप, म्हणजे झाकण. मग डिस्टिल्ड वॉटरने ओलसर केलेल्या कापडाने आणि इअरबडने बाहेरून सगळा रस पुसून काढायचा, त्यानंतर त्याच जागांवरून आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे आयपीए फिरवायचं, आणि शेवटी ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलबरोबर बंद डब्यात वाळवत ठेवायचा.

त्यावर आलेली प्रतिक्रिया अशी:

"काका, लेख वाचून हसावं की रडावं कळेना. आधीच ओल्या झालेल्या कॅमेऱ्याला पुन्हा पाणी लावायला सांगणारे तुम्ही जगात पहिलेच. साधं आयपीए मारलं की काम होतं, हे डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं. आयपीए किती टक्क्यांचं ते लिहिलेलं नाही, फ्लॅशच्या कपॅसिटरबद्दल इशारा नाही, मिररलेसबद्दल अवाक्षर नाही, तांदळाची उगाच टिंगल. तुमच्यासारख्यांचं ऐकून लोकांचे कॅमेरे मरतात. त्यापेक्षा घरी बसून पुस्तकं वाचा."

आधी भाषेबद्दल बोलतो, कारण तिथूनच सुरुवात तुम्ही केली आहे. ज्याला खरोखर चूक दाखवायची असते तो सरळ चूक दाखवतो. 'अमुक ठिकाणी पाणी वापरू नये, कारण असं असं होतं' एवढं लिहिलं असतं तरी पुरलं असतं. त्याऐवजी पहिल्याच वाक्यात हसणं-रडणं, शेवटच्या वाक्यात घरी बसणं, आणि या दोन्हींच्या मधे पाणी का लावू नये याचं एकही कारण नाही. पुन्हा वाचून बघा तुमचीच प्रतिक्रिया. कारण सापडलं तर मला दाखवा.

मला काका म्हणालात त्याचं वाईट वाटलं नाही. आपल्याकडे अनोळखी वडीलधाऱ्याला काका म्हणतातच. पण एकदा काका म्हटल्यावर त्याच तोंडाने 'घरी बसा' म्हणणं ही कुठली रीत झाली? समोर बसून बोलत असतो तर हेच वाक्य तुमच्या तोंडून निघालं असतं का, याचा विचार करा. इथे लोक अडचणी घेऊन येतात. कुणाच्या घरी चार दिवसांवर मुंज आलेली असते आणि लेन्समध्ये बुरशी दिसते. कुणाच्या वडिलांचा जुना कॅमेरा माळ्यावरून निघतो आणि बॅटरीच्या कप्प्यात हिरवा थर सापडतो. त्यातल्या प्रत्येकाला मी वेळ काढून उत्तर देतो, आणि कुणाकडून एक रुपया घेत नाही. 'तुमच्यासारख्यांचं ऐकून कॅमेरे मरतात' हे वाक्य मला लागलं. ते लपवण्याचं कारण नाही.

आता तुमचं मुख्य वाक्य. ओल्या कॅमेऱ्याला पुन्हा पाणी कसं लावता?

पहिली गोष्ट, 'पाणी लावा' असं मी लिहिलेलंच नाही. 'ओलसर कापड' असं लिहिलं आहे, आणि त्याच्या पुढच्याच ओळीत म्हटलं आहे की कापड मुठीत दाबलं तर थेंब गळता कामा नये. कॅमेरा नळाखाली धरा असं कुणी सांगितलं असतं तर तुमच्या आधी मीच भांडायला उभा राहिलो असतो. टीका करण्यापूर्वी दोन ओळी पूर्ण वाचायला हव्या होत्या.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. तुम्ही 'आधीच ओला झालेला कॅमेरा' म्हणता, जणू त्यावर पावसाचे थेंब पडले होते. सांडला होता तो उसाचा रस. त्यात बहुतांश पाणी असतं हे खरं, पण त्याखेरीज साधारण दहा-पंधरा टक्के साखर असते, उसाच्या चोयट्यांचा बारीक भुगा असतो, आणि आपल्याकडे चरकातच आलं-लिंबू घालतात, म्हणजे वर आम्ल आलं. यातलं पाणी आपोआप उडून जाणार आहे. मे महिन्यातल्या पुण्याच्या हवेत तर ते बघता बघता उडतं. मागे राहते ती साखर. तिला तुम्ही कशाने काढणार? सरबताचा ग्लास न धुता नुसता उन्हात वाळवून कुणी कपाटात ठेवतं का?

तुमचं उत्तर आहे, आयपीएने. इथेच तुमचं चुकतं आहे, आणि हे मी ठामपणे म्हणतो. साखर पाण्यात विरघळते तशी आयपीएत विरघळत नाही. २० अंश तापमानाला १०० मिलिलिटर पाणी सुमारे २०० ग्रॅम साखर पोटात घेतं. निव्वळ आयपीएत साखर विरघळण्याचं प्रमाण अगदी नगण्य आहे. यात माझ्या मताचा काही संबंध नाही, रसायनशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात हे मिळेल. पण पुस्तकावर विश्वास नसेल तर घरी करून बघा. स्टीलच्या ताटलीवर उसाच्या रसाचे दोन थेंब टाकून ते पूर्ण वाळू द्या. काचेसारखा चकचकीत, पिवळट-हिरवा डाग तयार होईल. त्यातल्या एकावर ९९ टक्के आयपीएत बुडवलेला इअरबड फिरवा. बड घसरतो, डागाची चमक क्षणभर जाते, आयपीए उडतं आणि डाग होता तिथेच असतो. बोट लावलं तर चिकटतं. दुसऱ्या डागावर डिस्टिल्ड वॉटरचा ओलसर बड ठेवा आणि जरा दम धरा. डागाची कड मऊ पडते, बड तपकिरी होतो, आणि चार वेळा नवा बड घेऊन पुसलं की ताटली कोरी. प्रयोगाला खर्च काही नाही. तो केल्यावर मला पुन्हा लिहा.

एक गोष्ट तुमच्या बाजूने सांगतो. आयपीएने साखरेचा चिकटपणा गेला, असा अनुभव काही जणांना येतो. ते खोटं बोलत नाहीत. जखम किंवा हात निर्जंतुक करण्यासाठी जे आयपीए विकतात ते साधारण ७० टक्क्यांचं असतं. उरलेलं काय असतं? पाणी. साखर निघाली ती त्या पाण्याने.

मग आयपीए कशाला, असं विचाराल. पाण्याने साखर काढली की मागे थोडा ओलावा राहतो. आयपीए पाण्यात कुठल्याही प्रमाणात मिसळतं, त्या ओलाव्याला सोबत घेऊन लवकर उडून जातं. शिवाय बोटांचं तेल, उन्हाळ्यातलं सनस्क्रीन, ग्रिपवरचा मेणचट थर हे सगळं तेच काढतं. म्हणून आधी पाणी, मग आयपीए. हा क्रम मी लेखात दिला होता आणि त्यात एका अक्षराचाही बदल करणार नाही.

तुम्ही डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाचा उल्लेख केलात, म्हणून नाइलाजाने स्वतःबद्दल सांगतो. माझी उमेदीची सगळी वर्षं भोसरीत, इलेक्ट्रॉनिक बोर्ड बनवणाऱ्या एका कारखान्यात गेली. आमच्याकडे सोल्डरिंग झालेले बोर्ड धुतले जायचे. धुतले, हा शब्द मी विचार करून वापरतो आहे. सोल्डर नीट धरावं म्हणून फ्लक्स नावाचा पदार्थ लावतात, तो नंतर काढावा लागतो. राळेचा फ्लक्स असेल तर तो अल्कोहोलसारख्या सॉल्व्हंटने, म्हणजे द्रावकाने, निघायचा. पण पाण्यात विरघळणारा फ्लक्स असेल तर बोर्ड क्षार काढलेल्या पाण्यानेच धुवावे लागायचे आणि मग ओव्हनमध्ये वाळवायचे. तो फ्लक्स आम्लधर्मी असतो. धुवायचा राहिला तर तांब्याला खातो. असे बोर्ड नुसत्या आयपीएने पुसून पुढे पाठवले तर तपासणीत परत यायचे. घाण कशात विरघळते ते बघून द्रावक निवडायचं, हे आमच्या लाइनवरच्या नव्या मुलीही आठवड्याभरात शिकायच्या.

आणि हे काही भोसरीचं खासगी तंत्र नव्हे. पूर्वी जगभर बोर्ड साफ करायला सीएफसी-११३ हे सॉल्व्हंट सर्रास वापरायचे. त्याने ओझोनचा थर विरळ होतो हे कळल्यावर १९८७ साली मॉन्ट्रियल करार झाला, ते सॉल्व्हंट टप्प्याटप्प्याने बंद होत गेलं, आणि कितीतरी कारखान्यांनी पाण्याने धुण्याची पद्धत स्वीकारली. तेव्हा 'इलेक्ट्रॉनिक्सला पाणी' ऐकून ज्यांना हसू येतं, त्यांनी हे लक्षात घ्यावं की त्यांच्या हातातल्या वस्तूंचे कितीतरी बोर्ड तयार होतानाच पाण्याने धुतलेले असतात. पाणी शुद्ध हवं आणि वीज बंद हवी, एवढीच अट. शुद्ध पाणी वीज जवळपास वाहू देत नाही. वीज वाहते ती त्यात विरघळलेल्या क्षारांमुळे. म्हणून नळाचं पाणी नको असं मी लिहिलं होतं. बोअरच्या आणि टँकरच्या पाण्याने बादलीच्या कडेला कसा पांढरा थर धरतो ते उपनगरांत राहणाऱ्यांना सांगायला नको. तो थर कॅमेऱ्याच्या डायलखाली नको. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर कुठल्याही बॅटरीच्या दुकानात मिळतं. इथे लागतं दोन-चार चमचे.

बॅटरी आधी काढा यावर तुमचा आक्षेप नाही, पण ती का काढायची हे कळलं तर साखर का काढायची हेही कळेल. बोर्डावर तांब्याच्या बारीक रेषा शेजारी शेजारी असतात. त्यांच्यामध्ये विजेचा दाब असताना वर ओला, क्षार-आम्ल असलेला थर बसला तर एका रेषेतलं तांबं विरघळून दुसरीकडे सरकतं. रेषा झिजते, तुटते, किंवा दोन रेषा आपसात जोडल्या जातात. बॅटरी काढली की हे जवळजवळ थांबतं. पूर्ण नाही, कारण तारीख-वेळ चालू ठेवणारा छोटा सेल बहुतेक कॅमेऱ्यांत आतच असतो. आणि कॅमेरा वाळला म्हणून तुम्ही पुन्हा बॅटरी घातली की सगळं पहिल्यापासून सुरू व्हायला फक्त ओलावा यायची खोटी असते.

तो ओलावा पुण्यात जूनमध्ये येतो. माझ्या लेखाचा सगळा जीव या एका गोष्टीत होता आणि तुम्ही तिला स्पर्शही केला नाही. रस वाळून जो काचेसारखा थर होतो तो हवेतलं पाणी ओढून घेतो. मे महिन्यात सांडलेला कॅमेरा मे महिन्यात सुरू होतो, मालक खूश होतो, आणि पावसाळा लागला की तोच थर पुन्हा ओला होतो. आमच्या सोसायटीतल्या एका मुलाच्या कॅमेऱ्यावर ऐन उन्हाळ्यात कोल्ड्रिंक सांडलं होतं. त्याने नुसतं आयपीए मारलं, पंख्याखाली ठेवलं, कॅमेरा चालू झाला. जुलैत तो माझ्याकडे घेऊन आला. डायल एक खाच फिरवलं की शटर स्पीडचा आकडा पुढे जाण्याऐवजी मागे उडी मारत होता. शटरचं बटण अर्धं दाबलं की तसंच अर्धं दबून राहायचं आणि कॅमेरा आपोआप फोकस शोधत बसायचा. मी डायलच्या फटीत ओलसर बड फिरवला तेव्हा त्यावर काकवीच्या रंगाची चिकट रेघ आली. बाहेरून जेवढं निघालं तेवढं काढलं. आत जे गेलं होतं त्यासाठी तो शेवटी दुरुस्तीला द्यावा लागला. अशा मुलांचे कॅमेरे 'माझ्यासारख्यांचं ऐकून' मेले नाहीत, फोकसकर. 'साधं आयपीए मारलं की काम होतं' हे ऐकून मेले. भाचीचा कॅमेरा त्यानंतर एक अख्खा पावसाळा काढून आजही नीट चालतो आहे.

मी पालखीबरोबर दिवे घाटात भर पावसात फोटो काढले आहेत. विसर्जन मिरवणुकीच्या रात्री लक्ष्मी रोडवर गुलालाच्या धुळीत उभा राहिलो आहे, तेही फिल्मच्या जमान्यापासून. पाऊस, घाम, गुलाल, चहा, दूध, यातलं काय कॅमेऱ्याचं किती नुकसान करतं ते मी हाताने साफ करून शिकलो. साधा पाऊस त्यातल्या त्यात बरा. दुधाचा चहा सगळ्यात वाईट, कारण साखर पाण्याने निघते पण दुधाची साय आणि प्रथिनं फटीत बसून राहतात आणि नंतर वास सुटतो. तुमचं वय मला माहीत नाही, पण ज्या आत्मविश्वासाने तुम्ही लिहिलं आहे त्याच्या मागे असे काही ओले कॅमेरे असावेत, असं तुमच्या प्रतिक्रियेतून तरी दिसलं नाही.

उरलेल्या मुद्द्यांना फार वेळ देणार नाही.

आयपीएची टक्केवारी द्यायला हवी होती, हे मान्य. ९९ टक्क्यांचं घ्या. तपकीर गल्लीच्या आसपास इलेक्ट्रॉनिक्सचं सुटं सामान विकणाऱ्यांकडे विचारा. ते पेट घेणारं आहे, म्हणून गॅसजवळ किंवा देवघरात दिवा चालू असताना त्याच खोलीत बाटली उघडू नका. मागच्या स्क्रीनवर ते वापरू नका, वरचा लेप जाऊ शकतो. आणि घरात आयपीए नाही म्हणून नेलपॉलिश रिमूव्हर तर अजिबात नको. त्यात ॲसिटोन असेल तर प्लास्टिक विरघळतं.

फ्लॅशसाठी वीज साठवणारा कपॅसिटर सुमारे ३०० व्होल्टपर्यंत भारलेला असू शकतो आणि बॅटरी काढल्यावरही तो भार काही काळ राहतो, हे मला चांगलं ठाऊक आहे. पण तो धोका कॅमेऱ्याचं कवच उघडणाऱ्याला. मी कवच उघडायला सांगितलं नव्हतं, उलट 'स्क्रूला हात लावू नका' असं लिहिलं होतं. जे करायला सांगितलंच नाही त्याचा इशारा का दिला नाही, हा आक्षेप मला समजला नाही.

मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेले कॅमेरे, हा लेखाचा विषय नव्हता. लेन्स काढली की तिथे सेन्सर बहुधा समोरच उघडा असतो. त्याला बड, कापड, बोट काहीही लावायचं नाही, एवढं पुरे.

तांदळाची टिंगल मी केली नाही. तांदूळ साखर काढत नाही आणि त्याची पूड माउंटच्या, म्हणजे लेन्स बसते त्या कड्याच्या, कडांत जाते, एवढंच लिहिलं होतं. त्यापेक्षा रंग बदलणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घ्या. निळ्या असतात त्या ओलावा पिऊन गुलाबी होतात, मंद तापवल्या की पुन्हा कामाला येतात. यात टिंगल कुठे आहे ते तुम्हीच सांगा.

आत रस गेला असल्याची शंका असेल, म्हणजे व्ह्यूफाइंडरमध्ये धुकं दिसत असेल, बॅटरीच्या कप्प्यात ओल असेल, किंवा हलवल्यावर फटीतून थेंब येत असेल, तर बॅटरी बाहेरच ठेवून कॅमेरा त्याच दिवशी दुरुस्तीला न्या आणि काय सांडलं ते खरं सांगा. 'पाणी पडलं' असं सांगू नका. कारागीर नुसता वाळवून परत देईल. रस सांगितलात तर तो धुईल. हे मूळ लेखाच्या शेवटच्या परिच्छेदात होतं, आणि तुम्ही तिथपर्यंत पोहोचला नव्हतात असं मला वाटतं.

तुम्हाला पुन्हा लिहायचं असेल तर जरूर लिहा. ताटलीवरचा प्रयोग करून, काय दिसलं ते लिहा. माझ्याहून वेगळं दिसलं तर तेही छापीन, फोटोसकट. मात्र कुणी कुठे बसावं आणि काय वाचावं याबद्दलची वाक्यं असतील तर ती प्रतिक्रिया मी मंजूर करणार नाही, मग त्यात बाकी कितीही बरोबर असलं तरी.

मूळ लेखात आज दोन ओळी वाढवल्या आहेत. आयपीए ९९ टक्क्यांचं असावं आणि ते ज्योतीपासून लांब ठेवावं, ही एक. आणि कापड ओलसर असावं, ओलं नव्हे, ही दुसरी, जी तिथे आधीपासून होतीच. ती आता ठळक अक्षरांत आहे.